खाऱ्या हवेतले रॅक: व्हीएमई, पीसी/१०४, व्हीपीएक्स आणि बोटीवरच्या कॅन बसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहते आणि जेट्टीवरच्या, बर्फाच्या कारखान्यातल्या, ट्रॉलरवरच्या कंट्रोल सिस्टिम दुरुस्त करते. डिप्लोमाची पोरं, प्लँटमधले मेंटेनन्सवाले, बोटमालक सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, फोनवर अर्धवट सांगितलं जातं आणि मग चुकीचं कार्ड मागवलं जातं, म्हणून एकदा नीट बसून लिहून काढलंय.

बस बस म्हणतात ती नक्की काय असते?

कॉम्प्युटरमधल्या वेगवेगळ्या कार्डांनी एकमेकांशी बोलायचा सामायिक रस्ता. व्हीएमई, पीसी/१०४, व्हीपीएक्स, कॅन ही असं बोलायच्या ठरलेल्या पद्धतींची नावं. आपली कोकण रेल्वे डोळ्यासमोर आणा, बराचसा मार्ग एकेरी, एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, बाकीच्या क्रॉसिंगला थांबणार आणि कुणाला सोडायचं ते कंट्रोलवाले ठरवणार. बसवर पण हेच, रस्ता एक आणि बोलणारे अनेक, कुणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सर्किटला आर्बिटर म्हणतात. आणि स्टँडर्ड म्हणजे काय तर रुळातलं अंतर, सिग्नलचे नियम, डब्याची रुंदी हे सगळं आधीच कागदावर पक्कं केलेलं, म्हणजे एका कंपनीचा सीपीयू, दुसऱ्याचं इनपुट कार्ड आणि तिसऱ्याचा रॅक, म्हणजे कार्डं सरकवायची चौकट, एकत्र बसतो. कंपनी बंद पडली तरी तुमचा रॅक बंद पडत नाही, माझ्या कामात ह्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही.

साधा ऑफिसचा पीसी चांगल्या पत्र्याच्या डब्यात घातला तर नाही का चालणार?

चालतो की, पहिला पावसाळा येईपर्यंत. पीसीमधलं कार्ड खालच्या एका कडेवर उभं असतं, मागे एक स्क्रू, बस. कन्व्हेयरच्या शेजारी किंवा बोटीच्या इंजिनरूमवर रोज थरथर बसली की ते थोडं थोडं वर सरकतं, त्या कडेवरचा सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो आणि मग एक दिवस कारण नसताना हँग. रॅकमधलं कार्ड दोन्ही बाजूंनी खाचेत सरकतं, मागे पिन-सॉकेटचा कनेक्टर घट्ट बसतो आणि पुढच्या पट्टीला वर-खाली स्क्रू, ते हलणारच नाही. शिवाय पीसीचा मदरबोर्ड दोन-तीन वर्षांत बाजारातून गायब होतो, आणि जेट्टीवरची मशिनरी वीस वीस वर्षं वापरतात.

रिअल-टाइम म्हणजे फास्ट ना?

नाही! हा गैरसमज एकदा डोक्यातून गेला की पुढचं सगळं सोपं होतं. रिअल-टाइम म्हणजे जास्तीत जास्त किती उशीर होईल ते आधीच सांगता येणं, आणि ते कधीही न मोडणं. समजा क्रेनचा हात शेवटच्या टोकाला लिमिट स्विचवर आदळला, आता मोटर तोडायची आहे. एक सिस्टिम नेहमी १ मिलिसेकंदात तोडते पण महिन्यातून एकदा कशात तरी अडकून अर्धा सेकंद लावते, दुसरी दर वेळी ५ मिलिसेकंद लावते, ना कमी ना जास्त. मी डोळे झाकून दुसरी घेईन, कारण त्या अर्ध्या सेकंदात खाली माणूस उभा असू शकतो.

म्हणून कुठल्याही बसची माहिती वाचताना सेकंदाला किती मेगाबाइट हा आकडा नंतर बघा. आधी बघा की महत्त्वाच्या कार्डाला बस मिळायला वाईटात वाईट किती थांबावं लागेल.

व्हीएमई तर १९८१ चं आहे, अजून त्याचं नाव का घेता?

कारण ते अजून चालू आहे, आणि बसमध्ये काय काय विचार करावा लागतो ते शिकायला त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मोटोरोलाची आधी व्हर्साबस नावाची बस होती, ६८००० प्रोसेसरसाठी. तिचे बोर्ड अवाढव्य होते, म्हणून तिच्याच सिग्नलना युरोकार्ड ह्या ठरलेल्या मापाच्या कार्डाचा साचा दिला आणि मोटोरोला, मॉस्टेक, सिग्नेटिक्स अशा तिघांनी मिळून १९८१ साली व्हीएमई बस जाहीर केली. कुणालाही बनवता येईल अशी मोकळी ठेवली म्हणून ती पसरली, १९८७ मध्ये आयईईई १०१४ असं अधिकृत स्टँडर्ड झालं. १९ इंची रॅकमध्ये जास्तीत जास्त २१ स्लॉट बसतात. कार्ड दोन मापांचं, ३यू म्हणजे १०० बाय १६० मिलिमीटर आणि ६यू म्हणजे साधारण २३३ बाय १६०. मागे ९६ पिनांचा कनेक्टर, ३२ च्या तीन ओळी, ६यू ला असे दोन.

तिची सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे ती घड्याळाच्या ठोक्यावर चालत नाही. बोटीतून जेट्टीवर मासळीच्या पाट्या हातोहात देतात ते बघितलंय ना? समोरच्याने पाटी धरली, "घेतली" म्हणाला की मगच आधीचा हात सोडतो, मग समोर दणकट गडी असो की नवखा पोरगा, पाटी पडत नाही, फक्त वेळ कमी-जास्त लागतो. व्हीएमईवर मास्टर कार्ड म्हणतं "हा डेटा", स्लेव्ह कार्ड डीटॅक नावाची लाइन खाली ओढून म्हणतं "घेतला", मग मास्टर सोडतो. म्हणूनच १९८५ चं मंद कार्ड आणि २००५ चा जलद सीपीयू एकाच रॅकमध्ये नांदतात. आणि समोरच्याने "घेतला" म्हटलंच नाही तर? तर स्लॉट १ मधल्या सिस्टिम कंट्रोलरचा टायमर ठरलेल्या वेळाने बस एरर देतो, म्हणजे एक मेलेलं कार्ड सगळ्यांना ओलीस धरत नाही.

वेग विचाराल तर मूळचा सेकंदाला ४० मेगाबाइट, १९९४ च्या व्हीएमई६४ ने ८० केला, पुढे टू-ई-एसएसटी पद्धतीने ३२० पर्यंत गेला. आजच्या मानाने फार नाही, पण तापमान, दाब, वजन वाचायला ४० सुद्धा पुरून उरतात.

रिकाम्या स्लॉटमागच्या त्या छोट्या जंपरचं काय प्रकरण आहे? काढले तर चालतील का?

नाही चालणार, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

किनाऱ्यावरच्या एका माल चढवण्याच्या यंत्राचा व्हीएमई रॅक होता. चौथ्या स्लॉटमधल्या सिरियल कार्डात पाणी गेलं, ते मी काढून दुरुस्तीला आणलं, त्या पोर्टला जोडलेला डिस्प्ले तसाही बंद होता त्यामुळे बाकीचं चालू राहायला काहीच हरकत नव्हती. मी घरी पोचते न पोचते तोच फोन, "मॅडम, सिस्टिम दर मिनिटाला रीसेट मारते." परत गेले. कार्डं सगळी दिसत होती, रजिस्टर वाचता येत होते, पॉवर ठीक. आधी सीपीयूवर संशय घेतला, मग सॉफ्टवेअरवर, रात्रीचे साडेदहा वाजले.

झालं होतं असं. व्हीएमईवर इंटरप्टच्या, म्हणजे कार्डाने सीपीयूला हाक मारायच्या, ७ लाइनी असतात आणि त्या सगळ्या कार्डांना सामायिक. एखाद्या कार्डाने लाइन ओढली की सीपीयू विचारतो "कोण रे?" आणि हा प्रश्न स्लॉट १ पासून पुढे एका कार्डाकडून दुसऱ्याकडे असा हातोहात जातो, ज्याचा इंटरप्ट असेल तो उत्तर देतो, नसेल तो प्रश्न पुढे ढकलतो. ह्याला डेझी चेन म्हणतात. आता मधला स्लॉट रिकामा झाला की साखळी तिथेच तुटली. पाचव्या स्लॉटमधलं ॲनालॉग इनपुट कार्ड लाइन ओढून बसलंय, सीपीयू विचारतोय, प्रश्न चौथ्या स्लॉटपाशी हवेत विरतोय, बस एरर येतेय, सीपीयू परत बघतोय तर लाइन अजून ओढलेलीच, परत विचारतोय. ह्या चक्रात बाकीची कामं उपाशी राहिली आणि वॉचडॉगने, म्हणजे काम अडकलं की रीसेट मारणाऱ्या टायमरने, इमानदारीत रीसेट मारला.

उपाय काय तर बॅकप्लेनच्या, म्हणजे सगळी कार्डं ज्यात घुसतात त्या रॅकमधल्या मागच्या बोर्डाच्या, मागे रिकाम्या स्लॉटला जंपर लावायचे, एका स्लॉटला ५, चार बस ग्रँटचे म्हणजे बस वापरायच्या परवानगीचे आणि एक इंटरप्टचा. सामानाच्या डबीत तळाशी पाच सापडले, बॅटरीच्या उजेडात एकेक पिन मोजून लावले आणि रॅक पहिल्या झटक्यात उठला. नंतरच्या बऱ्याच बॅकप्लेनवर हे आपोआप होतं, पण जुन्यावर नाही. कार्ड काढलं की जंपर लावायचे, कार्ड घातलं की काढायचे, रॅकच्या दारावर आतून कागद चिकटवून ठेवा. आणि कार्ड काढता-घालताना पॉवर बंद, साधं व्हीएमई चालू असताना हात लावायला बनवलेलं नाही.

जाता जाता, ह्याच साखळीमुळे एकाच इंटरप्ट लाइनवरच्या दोन कार्डांत स्लॉट १ च्या जवळचं कार्ड आधी जिंकतं. म्हणजे कार्डाची जागा ही पण प्रायॉरिटी आहे. दुरुस्तीनंतर "कुठेही घाल, बसतंय ना" करू नका.

जुना मोटोरोला सीपीयू मिळत नाही, इंटेलवाला व्हीएमई सीपीयू घातला तर आकडे वेडेवाकडे येतात, का?

बाइटचा क्रम. ६८००० मोठा बाइट आधी ठेवतो, इंटेल छोटा आधी. १६ बिटांत १ लिहिलेला दुसऱ्याला २५६ दिसतो. काही कार्डांवर हार्डवेअरमध्येच अदलाबदल करायची सोय असते, नसेल तर ड्रायव्हरमध्ये करावी लागते. टाकीची लेव्हल १ वरून थेट २५६ झाली तर सेन्सर बदलायला धावू नका.

कॉम्पॅक्ट पीसीआय आणि व्हीएमईत काय निवडू?

कॉम्पॅक्ट पीसीआय १९९५ च्या सुमारास पीआयसीएमजी ह्या संघटनेने आणलं. कल्पना साधी होती, पीसीतली पीसीआय बस तशीच घ्यायची पण कार्ड युरोकार्डच्या मापाचं आणि कनेक्टर २ मिलिमीटर पिचचा पिन-सॉकेटवाला. चिप स्वस्त, ड्रायव्हर तयार. ३३ मेगाहर्ट्झला एका सेगमेंटमध्ये ८ स्लॉट, ३२ बिटांवर सेकंदाला १३३ मेगाबाइट. चालू सिस्टिममध्ये कार्ड बदलायची सोय ठरवून दिलेली, त्यामुळे टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांना फार आवडलं. पण पीसीआय घड्याळावर चालते आणि इंटरप्टच्या चारच लाइनी वाटून घ्याव्या लागतात, व्हीएमईसारखी ७ पायऱ्यांची स्वच्छ प्रायॉरिटी नाही. आज नवीन घ्यायचं तर २०११ चं कॉम्पॅक्ट पीसीआय सिरियल बघा, त्यात पीसीआय एक्स्प्रेस, इथरनेट, साटा, यूएसबी बॅकप्लेनवरच मिळतात. जुना रॅक आहे आणि चालतोय तर फक्त वेगासाठी बदलू नका.

पीसी/१०४ लहान आहे, बोटीवर चालेल का?

चालेल, आणि जागा कमी असेल तर माझी पहिली पसंती तीच. साधारण ९० बाय ९६ मिलिमीटरचं कार्ड, हातात मावतं, जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखी एकावर एक रचायची, मध्ये खांब आणि स्क्रू, वेगळा बॅकप्लेन लागतच नाही. नावातले १०४ म्हणजे कनेक्टरच्या पिना, ६४ अधिक ४०. अँप्रो कंपनीने १९८७ मध्ये सुरू केलं, १९९२ मध्ये कन्सोर्टियम झालं, पुढे त्यात पीसीआय आणि मग पीसीआय एक्स्प्रेस पण आलं. थरथरीला उत्तम. अडचण दोन, सगळ्यात खालचं कार्ड बिघडलं तर अख्खी चळत उतरवावी लागते, आणि मधल्या कार्डाची उष्णता बाहेर जायला जागा नसते, म्हणून तापणारं कार्ड वरच्या टोकाला ठेवा आणि डब्याच्या झाकणाला ॲल्युमिनियमचा ठोकळा लावून टेकवा.

व्हीपीएक्स एवढं महाग का? आणि कुठलंही व्हीपीएक्स कार्ड कुठल्याही रॅकमध्ये बसतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी, नाही बसत. बसलं तरी बोलेलच असं नाही.

व्हीपीएक्स म्हणजे व्हिटा ४६, हे २००७ साली मंजूर झालं. व्हिटा ही मुळात व्हीएमईवाल्यांचीच संघटना. इथे सामायिक रस्ता जाऊन प्रत्येक कार्डाला वेगळ्या जलद सिरियल जोड्या मिळाल्या, पीसीआय एक्स्प्रेस, इथरनेट वगैरे, आणि त्या जोड्यांसाठी पिनांऐवजी पातळ पट्ट्यांचा मल्टीगिग कनेक्टर आला. आता कुठल्या पट्टीवर काय पाठवायचं ह्याची मोकळीक एवढी ठेवली की दोन कंपन्यांची कार्डं एकमेकांना ओळखेनात. मग २०१० मध्ये ओपनव्हीपीएक्स म्हणजे व्हिटा ६५ आलं, त्यात स्लॉट प्रोफाइल, मॉड्यूल प्रोफाइल, बॅकप्लेन प्रोफाइल ठरवून दिले. त्यामुळे कोटेशन मागवताना नुसतं "३यू व्हीपीएक्स" लिहू नका, स्लॉट प्रोफाइलचा पूर्ण नंबर लिहा, नाहीतर लाखाचं कार्ड शोकेसमध्ये ठेवायची वेळ येते. अमेरिकी लष्कराच्या मागणीतून आलेलं सोसा हे स्टँडर्ड, ज्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये निघाली, ते हीच मोकळीक आणखी आवळतं.

मला व्हीपीएक्समध्ये खरं आवडतं ते वेग नाही, थंड करायची पद्धत. कंडक्शन कूलिंग म्हणजे पंखाच नाही. कार्डाला धातूची जाड पाठ, दोन्ही कडांना पाचरीसारखे वेज लॉक, स्क्रू आवळला की पाचर फुगते आणि कार्ड डब्याच्या भिंतीला घट्ट दाबलं जातं, उष्णता भिंतीतून बाहेर. ही पद्धत जुन्या लष्करी व्हीएमईत पण होती, व्हीपीएक्सने ती नीट पुढे नेली. डबा पूर्ण बंद राहतो, आणि बंद राहतो म्हणजे खारी हवा आत येत नाही.

खाऱ्या हवेने नक्की काय होतं? गंज तर पत्र्याला लागतो, कार्डाला काय?

पंखा आपला मित्र वाटतो पण समुद्राकाठी तो दिवसभर मिठाचे बारीक कण आत ओढत असतो. उन्हाळ्यात ते कार्डावर कोरडे पडून असतात, काही होत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. घरातलं मीठ जूनमध्ये बरणीत पाणी सोडतं तेच. आपल्याकडे मृग लागल्यापासून पार सप्टेंबरपर्यंत आर्द्रता ८० च्या खाली क्वचित येते, म्हणजे कार्डावर चार महिने खारट पाण्याची फिल्म. २.५४ मिलिमीटरवर दोन पिना, एकीवर ५ व्होल्ट, एकीवर शून्य, मध्ये खारट पाणी, आता विचार करा. आधी नुसती गळती होते, कुठला तरी इनपुट मधूनच खोटा एक दाखवतो. मग धातूचे केसासारखे धागे वाढतात. आणि कनेक्टरच्या सोन्याच्या मुलाम्याला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात, त्यातून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत ओल पोचते आणि हिरवट पूड वर येते. तुम्ही कार्ड ओढलंत आणि पिनांच्या मुळाशी शेवाळासारखा हिरवा थर दिसला तर तो तांब्याचा गंज आहे, शेवाळ नाही.

साफ करताना एक चूक सगळे करतात, थेट आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारतात. अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळतच नाही! ते नुसतं इकडून तिकडे सरकतं. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, दोन-तीन वेळा, मगच पाणी पळवून लावायला अल्कोहोल, मग कोमट हवेत पूर्ण सुकवणं. बॅटरी आधी काढा. रिले, ट्रिमपॉट, बझर असं उघडं काही असेल तर तिथे पाणी जाऊ देऊ नका.

नवीन कार्ड मागवताना कॉन्फॉर्मल कोटिंगसकट, म्हणजे वर पातळ संरक्षक लेप असलेलं, मागवा, ॲक्रिलिक असेल तर नंतर दुरुस्तीला सोपं कारण ते सॉल्व्हंटने निघतं, पॅरिलीन सगळ्यात चांगलं झाकतं पण काढायला जीव जातो. घरी फवारणार असाल तर कनेक्टरवर टेप लावा, कोटिंग पिनेवर गेलं की तीच पिन बोलायची बंद. सॉल्ट फॉग टेस्ट पास आहे का तेही विचारा, त्यात साधारण ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं ३५ अंशाला सोडतात. पण ती टेस्ट काही दिवसांची, आपला पावसाळा दरवर्षीचा, त्यामुळे सर्टिफिकेट बघून बिनधास्त होऊ नका.

आमच्या ट्रॉलरवर जीपीएस, फिशफाइंडर, इंजिनचं मीटर एकाच वायरवर आहे, ती पण बसच का?

हो, ती बहुधा एनएमईए २००० म्हणजे बोटीवरच्या यंत्रांची बस असेल, आणि तिच्या पोटात कॅन बस आहे. कॅन बॉश कंपनीने गाड्यांसाठी बनवली, १९८६ मध्ये जाहीर केली. दोन पिळलेल्या वायरी, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. दोघे एकाच वेळी बोलायला लागले तर ज्याचा आयडी आकडा लहान तो पुढे चालू राहतो, दुसरा आपणहून गप्प बसतो, आणि जिंकलेल्याचा एकही बिट वाया जात नाही. एवढी शिस्त मासळीच्या लिलावात असती तर! एनएमईए २००० चा वेग सेकंदाला २५० किलोबिट, एक मेसेज वाईटात वाईट ०.६ मिलिसेकंदाच्या आसपास रस्ता अडवतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या मेसेजला किती थांबावं लागेल ते कागदावर काढता येतं.

एक तांडेल काका दोन वर्षं सांगत होते की खोल पाण्यात गेलं की रिडिंग उडतात. मासेमारी बंदीच्या काळात बोट वर ओढलेली होती तेव्हा मी गेले, सगळ्याची पॉवर बंद करून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावला, ६० ओहम दिसायला हवे कारण १२० चे दोन रेझिस्टर समांतर असतात. दिसले ४०. म्हणजे कुणीतरी नवीन डिस्प्ले बसवताना तिसरा टर्मिनेटर, म्हणजे तो टोकाचा रेझिस्टर, मध्येच लावलेला. तो काढला, ६० आले. समुद्रावर इंजिन जोरात असताना वायरीतला विजेचा गोंगाट वाढायचा आणि अशक्त झालेला सिग्नल मार खायचा, एवढंच होतं. १२० दिसले तर एक टर्मिनेटर गायब आहे. मुख्य वायरीपासून एखाद्या यंत्रापर्यंतची फांदी ६ मीटरहून लांब नको. आणि जोड चिकटपट्टीने नको, कधीच नको.

विमानात, यानात कुठली बस वापरतात?

बऱ्याच लष्करी विमानांत मिल-स्टँडर्ड-१५५३. मूळ १९७३ चं, सगळीकडे पसरलेली बी आवृत्ती १९७८ ची. सेकंदाला फक्त १ मेगाबिट, पण एक बस कंट्रोलर आणि जास्तीत जास्त ३१ टर्मिनल, विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, आणि विचारलं की ४ ते १२ मायक्रोसेकंदात उत्तर सुरू झालंच पाहिजे. वायर पण दोन वेगळ्या, एक तुटली तर दुसरी.

ह्यातली एक गोष्ट मी प्रत्येक पोराला सांगते. १९९७ च्या जुलैत मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. त्याचा कॉम्प्युटर व्हीएमई बसवर, त्यात १५५३ चं कार्ड, वर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. काही दिवसांत ते आपोआप रीसेट व्हायला लागलं. १५५३ बसचा डेटा वाटणारं काम बरंच वरच्या प्रायॉरिटीचं, हवामानाचं काम कमी महत्त्वाचं, पण दोघांना एकच कुलूप लागायचं, जे एका वेळी एकालाच मिळतं. हवामानवाल्याने कुलूप घेतलं, तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचं लांबलचक काम मध्ये घुसलं, हवामानवाला अडकला, म्हणून कुलूपासाठी थांबलेला महत्त्वाचा पण अडकला. बसचं काम वेळेत झालं नाही हे बघून सिस्टिमने रीसेट मारला. पृथ्वीवर तसाच कॉम्प्युटर चालवून इंजिनिअरांनी ते पुन्हा घडवलं, आणि दुरुस्ती म्हणजे त्या कुलूपाला प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू करणं, म्हणजे कुलूप धरून बसलेल्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं, तो बदल इथून मंगळावर पाठवला. हार्डवेअरमध्ये एक स्क्रू पण ढिला नव्हता. बस कितीही शिस्तीची असो, वरचं सॉफ्टवेअर शिस्त मोडू शकतं.

आता सगळीकडे इथरनेटच वापरलं तर?

साधं इथरनेट किती उशीर करेल ह्याची हमी देत नाही, स्विचमध्ये रांग लागली की लागली. इथरकॅट किंवा टीएसएनसारख्या पद्धती तो प्रश्न सोडवतात, आणि नवीन कामात मी पण त्याच सुचवते. पण आरजे-४५ चा तो प्लॅस्टिकचा खटका जेट्टीवर एक वर्ष टिकत नाही, एम१२ चा गोल स्क्रूवाला कनेक्टर घ्या.

पावसाळ्याआधी रॅकचं काय काय करू?

मे महिन्यात, पहिला वळीव पडायच्या आत. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं होतं आणि तौक्ते तर त्याच्या पुढच्या वर्षी मे मध्येच, त्यामुळे जूनची वाट बघू नका.

पॉवर चालू ठेवून आधी ५ व्होल्ट मोजा, सप्लायच्या टर्मिनलवर नाही, बॅकप्लेनवर, लांबच्या टोकाच्या स्लॉटपाशी. व्हीएमईला तिथे ४.८७५ ते ५.२५ च्या मध्ये लागतं. सप्लायवर ५.०५ आणि टोकाला ४.८ असं मी कितीदा पाहिलंय, मध्ये एखादा नट काळा पडलेला असतो. मग सॉफ्टवेअर आणि सेटिंगची कॉपी घ्या, कारण जुन्या सीपीयू कार्डांवर घड्याळ आणि सेटिंग एका लिथियम बॅटरीवर असतात, ती संपली की कार्ड स्वतःचं नाव विसरतं. मग पॉवर बंद, प्रत्येक कार्डाचा मोबाइलवर फोटो, स्लॉट नंबर आणि जंपरसकट, मगच बाहेर काढा. पिना भिंगातून बघा. फिल्टर बदला, दाराचं रबर दाबून बघा, कडक झालं असेल तर बदला. खालून येणाऱ्या केबलला आत शिरण्याआधी खाली झोल द्या म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोलाच्या तळाशी थेंब थेंब गळून जाईल. सिलिका जेलची पुडी ठेवत असाल तर दर महिन्याला बदला, भिजलेली पुडी उलट ओल धरून ठेवते. शक्य असेल तर आत छोटा हीटर लावा, रॅक बंद असताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाचेक अंश गरम राहिली की आर्द्रता त्या ७५ च्या खाली यायला बरीच मदत होते.

आणि सगळं परत बसवून झाल्यावर मागून एकदा रिकामे स्लॉट मोजा, प्रत्येकी पाच जंपर.